वाचक विचारतात : शिडाच्या यॉटने मुंबई ते गोवा

मुंबईहून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, दोन-चार माणसांत यॉटने जाण्याबद्दल बरीच पत्रे आली. बहुतेकांनी अंतर आणि वेग विचारला आहे. आमच्या उत्तरांत मात्र भरती आणि घड्याळ पुन्हा पुन्हा येईल, कारण या किनाऱ्यावर बोट अडते ती चुकीच्या वेळी पोचल्यामुळे. अंतरे सागरी मैलांत आणि अंदाजे दिली आहेत (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर).

प्रश्न : आमची ३५ फुटी यॉट आहे, ड्राफ्ट (बोटीचा पाण्याखाली बुडणारा भाग) १.८ मीटर. आम्ही चौघे दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जायचे म्हणतो. किती दिवस धरावे, कुठे थांबावे? (ठाणे)

दिवाळी थोडी घाईची होते. पावसाळा सरला की समुद्र निवळला असे वाटते, पण अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा दुसरा हंगाम नेमका तेव्हाच असतो. २०१९ ची दिवाळी ‘क्यार’ने धुऊन काढली आणि ‘फयान’ आले ते ११ नोव्हेंबर २००९ ला. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा. मार्चपासून वायव्येचा वारा आणि लाटा दोन्ही वाढत जातात. जून ते सप्टेंबर हा विचारच नको.

हिवाळ्यात इथला वारा वेळापत्रक पाळतो. रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, साधारण ५ ते १० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). सकाळी दहा-अकराला तो पडतो, तासभर शीड लुळे लोंबते. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, तीन-चारपर्यंत १२ ते १८ नॉटला पोचतो आणि सूर्यास्तानंतर ओसरतो. म्हणून पहाटे निघायचे आणि चारच्या आत नांगर टाकायचा. दुपारचा वारा पाठीमागून येतो, बोट छान पळते, आणि तेवढ्यामुळेच लोक मुक्काम टाळून पुढे जातात. मग अनोळखी खाडीच्या तोंडाशी अंधार पडतो.

टप्पे असे ठेवा, ताशी ५ मैल धरून. मुंबई ते राजपुरी खाडी (जंजिरा) ४० मैल, पहाटे पाचला निघून दुपारी एकपर्यंत. तिथून जयगड ६० मैल. हा लांबचा पल्ला, पहाटे तीनला निघावे लागते. जयगड ते विजयदुर्ग ४५ मैल. मग देवगडचा १२ मैलांचा आरामाचा टप्पा आणि शेवटी देवगड ते गोव्यातले आग्वाद ६० मैल, पुन्हा तीनची पहाट. पाच दिवस चालण्याचे आणि दोन दिवस हाताशी राखीव. राखीव दिवस नसतील तर निघूच नका. सोमवारी कामावर हजर व्हायचे म्हणून माणसे नको त्या हवेत बाहेर पडतात.

विजयदुर्गला वाघोटन खाडीचे तोंड खोल आहे, वाळूचा दांडा आडवा येत नाही. या किनाऱ्यावरच्या उत्तम आसऱ्यांत त्याची गणना जुन्या काळापासून होते. देवगडही आतून शांत, फक्त मच्छीमार बोटींची गर्दी सांभाळा. जयगडला मालवाहू बंदर आहे, त्यांच्या जहाजांचा मार्ग सोडून खाडीत आत जा. राजपुरीत किल्ला आणि गाव यांच्यामध्ये नांगर पडतो. दिघी बंदराची जहाजे तिथूनच जातात, तेव्हा रात्री नांगरदिवा हवाच.

फोटोसाठी जलदुर्गांच्या अंगाला जायचा मोह प्रत्येकाला होतो, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून जास्तच. हे किल्ले खडकावर बांधलेत आणि तो खडक तटाशी संपत नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला तर पाण्याखाली भिंतच आहे. पद्मदुर्ग आणि मुरूड यांच्या मधूनही वाट काढू नका. किनाऱ्यापासून चार-पाच मैलांवरून चाला, किल्ला बघायला नांगर टाकून गावातली होडी घ्या.

परतीचे गणित वेगळे. उत्तरेकडे येताना दुपारचा वारा तोंडावर बसतो. रात्री आणि सकाळी मतलईवर किंवा इंजिनावर मैल काढायचे, बारानंतर थांबायचे. परतीला जाण्याच्या दीडपट दिवस धरा.

प्रश्न : दाभोळच्या खाडीत ओहोटीला शिरू नये असे मच्छीमार सांगतात. पाणी तर पुरेसे दिसते, मग अडचण काय? आणि भरतीची वेळ मोबाइलशिवाय कशी काढायची? (चिपळूण)

मच्छीमारांचे ऐका. वाशिष्ठी, सावित्री (बाणकोट), पूर्णगडची मुचकुंदी, गोव्यातली शापोरा, या सगळ्या नद्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो आणि तो दर पावसाळ्यात जागा बदलतो. त्यामुळे नकाशावरची खोली हा फक्त अंदाज. ओहोटीला खाडीचे पाणी बाहेर धावते, समोरून समुद्राची लाट येते. दोन्ही समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते आणि उथळावर फुटते. बाहेरून येणाऱ्याला लाटांची फक्त पाठ दिसते, फेस पलीकडच्या अंगाला असतो, म्हणून समुद्राकडून सगळे गुळगुळीत वाटते. दांड्याबाहेर दहा-पंधरा मिनिटे थांबून पाहा. एखादी बोट आत शिरत असेल तर तिची रेघ पकडा, तांडेलाला (तिच्या नाखव्याला) हाक मारून विचारा. सहसा कुणी नाही म्हणत नाही.

शिरायचे ते निम्म्या भरतीनंतर आणि पूर्ण भरतीच्या आधी. बूड टेकलेच तर चढते पाणी पुन्हा उचलते. ओहोटीला टेकलात तर सहा-सात तास तिथेच, त्यात बोट कलंडली आणि दुपारचा वारा सुटला की लाटांचे तडाखे.

हिशेब असा. ड्राफ्ट १.८ मीटर, लाटेसाठी अर्धा मीटर, चुकीसाठी ०.७ मीटर, म्हणजे ३ मीटर पाणी हवे. समजा दांड्यावर नकाशात १.६ मीटर दिले आहे, तर भरतीची उंची किमान १.४ मीटर हवी. त्या दिवशी ओहोटी ०.९ आणि भरती २.१ मीटर असेल तर एकूण चढ १.२ मीटर. पाणी सारखे चढत नाही: सहा तासांत बारा भाग धरले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ भाग. इथे एक भाग १० सेंटिमीटर. आपल्याला ०.९ वरून १.४, म्हणजे अर्धा मीटर चढ हवा. पहिल्या दोन तासांत ३० सेंटिमीटर, उरलेले २० तिसऱ्या तासाच्या चाळीस मिनिटांत. म्हणजे पूर्ण ओहोटीनंतर २ तास ४० मिनिटांनी पाणी पुरते. आम्ही तीन तास म्हणू.

वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब आजही चालतो : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण, म्हणजे तीनला भरती, अष्टमीला सहाला, अमावास्या-पौर्णिमेला १५ ची पाऊणपट, सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री तीच वेळ, थोड्या मिनिटांच्या फरकाने. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते, गोव्यापर्यंत तासाभराच्या आसपास फरक पडतो. दांडा ओलांडायच्या दिवशी मात्र सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकातली वेळ आणि उंची बघावी.

यातून निघायचा मुहूर्तही ठरतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, प्रवाह जोरात, आणि दुपारी तुम्ही पोचता तेव्हा पाणी उतरत असते. पंचमी ते दशमी भरती साधारण पावणेचार ते साडेसातच्या दरम्यान येते, म्हणजे दुपारी पाणी चढते, शिवाय भांगामुळे (अष्टमीच्या आसपासच्या कमी चढ-उताराच्या भरतीमुळे) प्रवाह मंद. पंचमीला मुंबई सोडा.

प्रत्यक्ष शिरताना : इंजिन चालू, शीड उतरवलेले पण चढवायला तयार, केबिनच्या दाराच्या फळ्या लावलेल्या, सगळे लाइफजॅकेट घालून कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या बसायच्या खळग्यात). लाट बरोबर पाठीवर घ्या. दांड्याच्या मधोमध विचार बदलून वळू नका. आडवी सापडलेली बोट लाट उलथवते.

प्रश्न : आम्ही दोघेच, नवरा-बायको. दोघांना ३४ फुटी बोट झेपेल का? (पुणे)

सुकाणू धरायला झेपेल, शीड चालवायला झेपेल. प्रश्न पाण्यात पडण्याचा आहे. दोघांपैकी एक पडला की बोट एका माणसाची झाली, आणि ते माणूस बहुधा बोट कमी चालवणारे असते. म्हणून निघण्याआधी त्याने किंवा तिने एकटीने इंजिन चालू करणे, शीड पाडणे आणि रेडिओवर मदत मागणे तीन-तीनदा करून बघावे.

माणूस पडला की ओरडा, लाइफबॉय फेका, जीपीएसवरचे ‘माणूस पाण्यात’ बटण दाबा. बोट लगेच वाऱ्यात वळवून थांबवा, लांब जाऊ देऊ नका. एक मीटर लाटेतही डोके शंभर मीटरवर दिसेनासे होते. इंजिन लावण्याआधी कोणताही दोर पाण्यात लोंबत नाही ना बघा. हे विसरले की दोर बोटीखालच्या पंख्यात जातो आणि बोटही जाते हातची. जवळ आल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये.

सगळ्यांत अवघड काम त्यानंतरचे. भिजलेले ८० किलोचे माणूस एकट्याने मीटरभर उंच कठड्यावरून ओढता येत नाही. चारपट जोर देणारा कप्पी-दोर आधीच एका पिशवीत बांधून ठेवा. वरचा हूक हॅलियार्डला (शीड चढवायच्या दोराला) लावून ते डोलकाठीवर चढवायचे, खालचा हूक जॅकेटच्या हार्नेसला (अंगावरच्या पट्ट्यांना), दोर विंचवर (दोर ओढायच्या चाकावर). हे बंदरात, शांत पाण्यात, खऱ्या माणसावर करून बघा. कागदावर सोपे वाटणारे हूक ओल्या हाताने लागत नाहीत.

अंधारात, किंवा दुसरा झोपलेला असताना, हार्नेस अडकवल्याशिवाय कॉकपिट सोडायचे नाही. जॅकेटचा मांडीपट्टा लावा, नाहीतर ओढताना जॅकेट वर येते आणि माणूस खाली राहते. रात्रीचा टप्पा दोघांनी करायचाच असेल तर तीन-तीन तासांची पाळी. आमचे मत मात्र स्पष्ट आहे : दोघांनी दिवसाचेच टप्पे करावेत, आणि जंजिरा ते जयगड या लांब पल्ल्यासाठी तिसरा माणूस घ्यावा.

प्रश्न : मुंबईबाहेर पडताच जाळ्यांचे बोये लागतात. कोणत्या बाजूने जायचे? पंख्यात अडकले तर? (अलिबाग)

जाळे कोणते यावर आहे. मुंबई ते मुरूड पट्ट्यात डोल नावाची पिशवीसारखी जाळी जास्त. ती प्रवाहाकडे तोंड करून जागेवर बांधलेली असते, पिंपे-बोये तोंडाशी, आणि पिशवी प्रवाहाच्या दिशेने मागे पसरलेली. म्हणून बोयाच्या ज्या अंगाने पाणी येते त्या अंगाने जा. भरतीला जे अंग मोकळे, ओहोटीला तेच जाळ्याचे. वाहते जाळे वेगळे : ते पाण्याच्या वरच्या थरात लांबवर पसरते, एका टोकाला बोट, दुसऱ्या टोकाला बावटा किंवा लुकलुकता दिवा. बोटीच्या मोकळ्या बाजूने वळसा घाला. रात्री कुणी टॉर्च हलवत असेल तर ते स्वागत नव्हे; वेग कमी करा आणि टॉर्चचा झोत ज्या दिशेला फिरतो तिकडे वळा.

इंजिनाचा आवाज एकदम जड झाला, बोट मंदावली, की लगेच न्यूट्रल आणि इंजिन बंद. रिव्हर्स मारून सुटेल या आशेवर लोक दोर आणखी आवळतात, कधी शाफ्टही (पंखा फिरवणारा दांडा) मागे खेचला जातो. शीड चढवून किनाऱ्यापासून दूर राहा. दोराचे टोक दिसत असेल तर बोटहूकने वर घेऊन शाफ्ट हाताने उलटा फिरवा. खाली उतरणे शेवटचा उपाय आणि तेही सपाट पाण्यात : किल्ली काढलेली, कमरेला दोर, एकच माणूस पाण्यात, डोक्यावर हेल्मेट, कारण वरखाली होणारे बूड टाळूवर आपटते. गुळगुळीत सुरीपेक्षा पाव कापायची दातेरी सुरी नायलॉन पटकन कापते. लाट असेल तर तटरक्षक दलाला १५५४ किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर फोन करा, नाहीतर व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) चॅनल १६.

मालक जवळ असेल तर कापण्याआधी त्याला बोलवा. तो जाळे वाचवून बोट सोडवतो, तुम्ही फक्त बोट सोडवता. जाळे फाटले तर भरपाईचे तिथेच बोलून घ्या. पुढच्या बंदरात तुमच्याआधी बातमी पोचलेली असते.

प्रश्न : मी इथे चेसापीक उपसागरात शिडाची बोट चालवते. जानेवारीत रत्नागिरीला येऊन भावाच्या बोटीवर महिनाभर राहणार आहे. काय वेगळे असेल? माझा उपग्रह संदेशक आणू का? (न्यू जर्सी)

आणू नका. परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा संदेशक भारतात बाळगणे गुन्हा आहे, आणि विमानतळावर सामानात सापडल्याने परदेशी प्रवाशांना अटक झाल्याची उदाहरणे आहेत. किनाऱ्यापासून चार-पाच मैलांत मोबाइल बहुतेक ठिकाणी चालतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवा. बोटीवरच्या व्हीएचएफलाही परवाना लागतो, भावाकडे आहे का विचारा.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. अमेरिकेत बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवतात. भारतात उलट : समुद्राकडून आत येताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. हाताला लागलेली सवय दमलेल्या वेळी वर येते, म्हणून सुकाणूसमोर चिठ्ठी चिकटवा. आणि ओळखपत्र, बोटीचे नोंदणीपत्र, विमा वरच्या कप्प्यात असू द्या. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी समुद्रातूनच आले होते, त्यामुळे सागरी पोलीस तपासायला येतात. मुक्कामाच्या गावी आपणहून सागरी पोलीस ठाण्याला माणसांची नावे कळवली तर रात्री कुणी उठवत नाही.

प्रश्न : डिझेल आणि पाणी किती घ्यावे? मागच्या वेळी खाडीत इंजिन तापून बंद पडले. (नाशिक)

तीस अश्वशक्तीचे इंजिन साडेपाच नॉटला तासाला साधारण ३ लिटर पिते. सव्वादोनशे मैल सगळे इंजिनावर धरले तर ४१ तास, १२३ लिटर. त्यावर तिसरा हिस्सा, म्हणजे १६५ लिटर. वाटेत कॅनने पंपावरून आणावे लागते. हे डिझेल, पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीच्या नरसाळ्यातूनच टाकीत ओता. पिण्या-रांधण्याला माणशी दिवसाला ५ लिटर. चौघांना सात दिवस १४० लिटर, त्यातले ४० तरी टाकीबाहेर कॅनमध्ये, एक टाकी नासली तर सगळे जाऊ नये म्हणून.

तापण्याचे कारण बहुधा प्लास्टिकची पिशवी किंवा खाडीतला गाळ. इंजिन लावल्याबरोबर धुराड्यातून पाणी पडते का बघायची सवय ठेवा. पडत नसेल तर इंजिन बंद, समुद्रपाण्याचा कॉक बंद, गाळणीचे झाकण उघडून साफ करा, कॉक उघडा. तरी पाणी येत नसेल तर पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) काढून पाती मोजा. पात तुटली असेल तर तिचा तुकडा पुढे उष्णता बदलणाऱ्या नळ्यांत अडकलेला असतो. तो शोधून न काढता नवा इंपेलर बसवला तर इंजिन पुन्हा तापते, आणि माणूस पंपाला दोष देत बसतो. दोन इंपेलर, एक पट्टा, दोन डिझेल फिल्टर सोबत हवेतच.

प्रश्न : मालवणला नांगर धरत नाही असे ऐकले. (कोल्हापूर)

खडक आणि प्रवाळ आहे, म्हणून. शिवाय १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर साखळी ओढणे म्हणजे ते मोडणे. दोन मीटरच्या आसपास ड्राफ्ट असेल तर मालवण गाडीने करा, बोट देवगडला ठेवून.

इतर खाड्यांत चिखल आहे, तो चांगला धरतो, साखळी पुरेशी सोडली तर. खोली भरतीची धरा : ओहोटीला ४ मीटर, चढ ३ मीटर, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १ मीटर, एकूण ८; त्याच्या पाचपट, ४० मीटर साखळी. बरेच जण ओहोटीच्या ४ मीटरवर हिशेब करून वीस सोडतात आणि रात्री भरतीला नांगर उपटतो. टाकल्यावर रिव्हर्समध्ये हळूहळू जोर वाढवा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा. प्रवाह उलटला की बोट फिरते, त्या वर्तुळात दुसरी बोट नको.

प्रश्न : बोट लागू नये म्हणून काय घ्यावे? (नागपूर)

डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिन (उलटीवरची गोळी), निघण्याच्या तास-दोन तास आधी. एकदा उलटी सुरू झाली की गोळी टिकत नाही. गुंगी येते, त्यामुळे गोळी घेतलेल्याला पहाटेची पाळी देऊ नका. आदल्या रात्री तळलेले आणि दारू नको, पण पोट रिकामेही नको. कोरडी पोळी, लाह्या, आल्याचा तुकडा. खाली केबिनमध्ये बसू नका, क्षितिजाकडे बघत सुकाणू धरा. उलटी आलीच तर बादलीत करा. कठड्यावरून बाहेर वाकून नको, पडणाऱ्यांपैकी कितीतरी तसेच पडतात.